दोन घरांमधलं अंगण

सुमिलाह लग्न होऊन वरच्या गावात आली तेव्हा सासूनं तिच्या हातात पहिली वस्तू दिली ती खराटा. "अंगण उजाडायच्या आत झाडून झालं पाहिजे. आणि झाडताना मागं मागं सरकायचं. आपल्याच पावलांचे ठसे मातीवर राहिले तर ते झाडणं कसलं?"

त्या दिवसापासून सुमिलाह ते अंगण झाडत आली. मेरापी ज्वालामुखीच्या उतारावरचं घर, समोर पाटासारखं सपाट मातीचं अंगण, एका कडेला चिकू, दुसऱ्या कडेला फणस. परसात केळी, सालाकची काटेरी झुडपं आणि त्यामागं बांबूचं बेट. सगळं सासूच्या हातचं. सासूला अख्खं गाव सिम्बोक म्हणायचं, म्हणजे आई. सुमिलाहही तेच म्हणायची. कुठलं झाड कुठून आणलं, त्याला पहिलं फळ कधी धरलं, हे सिम्बोकला पोटच्या पोरांच्या वाढदिवसांपेक्षा पक्कं पाठ. सुमिलाहनं नव्या नवलाईत एकदा पायरीशेजारी मोगऱ्याची फांदी लावली होती. दोन-तीन दिवसांनी बघते तर मोगरा विहिरीमागं गेलेला. सिम्बोकनंच हलवला होता; सुमिलाहनं तो तिथंच राहू दिला. तिनं त्या बागेला पाणी घातलं, फळं उतरवली, पाला गोळा केला, मुलगी वाढवली. पण हे मी लावलं असं म्हणावं असं एक झाड तिला त्या घरात कधी मिळालं नाही.

नवरा तुकिरान स्वभावानं गरीब. दोन गाई आणि गवताचे भारे यात त्याचा दिवस जायचा. आई आणि बायको यांच्यात तो कुंपणासारखा उभा राहायचा आणि दोन्हीकडून बोचकारून घ्यायचा.

मग डोंगर फुटला. आधी सूचना मिळाली होती, म्हणून माणसं ट्रकांत बसून खाली उतरली आणि वाचली. तुकिरानच्या गाई वाचल्या नाहीत. पुष्कळ दिवस छावणीत काढल्यावर सरकारनं खालच्या बाजूला नवी वसाहत उभी केली. यंत्रानं खरवडून सपाट केलेली जमीन, त्यावर एकसारख्या घरांच्या रांगा. घरं इतकी एकसारखी की पहिल्याच आठवड्यात तुकिरान भलत्याच स्वयंपाकघरात शिरला, चुलीवरच्या भांड्याचं झाकण उचललं, आतल्या सोयाबीनच्या वड्या बघितल्या आणि म्हणाला, "आज परत तेम्पेच?"

"पाक तुकिरान," मागून 'पाक' असा मानाचा शब्द लावून आवाज आला, "तुमच्या घरी काय शिजलंय ते तुमच्या घरी जाऊन बघा."

ती शेजारीण जुमियाती. अंगानं फाटकी आणि जिभेनं तिखट. नवरा दूर सुमात्राला मळ्यात कामाला, त्यामुळे घराचा सगळा कारभार हिच्या एकटीच्या हातात. हा किस्सा तिनं संध्याकाळपर्यंत चारही रांगांत पोचवला.

नव्या घराच्या किल्ल्या मिळाल्या त्या दिवशी बायका आपापल्या उघड्या जमिनीकडं बघून रडत होत्या. कुणाला विहीर आठवत होती, कुणाला नारळ. सुमिलाहलाही रडू येईल असं वाटलं होतं. ती घराच्या बाजूच्या पट्टीत उभी राहिली. पायाखाली करडा मुरूम, कुठं गवताची काडी नाही. घर प्लॉटच्या उजव्या कडेला धरून बांधलेलं, त्यामुळे पुढं थोडी जागा, मागं थोडी आणि डाव्या हाताला एक अरुंद पट्टी, जिच्या पलीकडं जुमियातीची तेवढीच पट्टी. तिनं चपला काढल्या आणि अनवाणी चालून बघितलं. रडू आलं नाही. उलट पोटात काहीतरी हललं, पहिलटकरणीला हलतं तसं. इथं अजून कुणीच काही लावलेलं नव्हतं.

सिम्बोकनं मात्र हट्ट धरला. "वर जा. माझ्या अंगणातून जे मिळेल ते आणा. चिकूला खालून फूट आली असेल. सालाक तर मरतच नाही."

म्हणून एका सकाळी नवरा-बायको मोटरसायकलवरून वर गेले. सोबत गोणपाटाची पिशवी आणि छोटी कुदळ. रस्ता संपला तिथून चालत गेले. वर नुसता करडा माळ होता, त्यात घराएवढे धोंडे. तुकिरान एका जागी थांबून म्हणाला, "ही आपली विहीर." दहा पावलं पुढं जाऊन म्हणाला, "नाही, इथं." मग आणखी वर जाऊन खाली वळून बघत राहिला. त्याला आपलं घर कुठं होतं तेच सापडेना. सुमिलाहनं त्याचा हात धरला आणि दोघं खाली आले. पिशवी घडी घातलेलीच होती.

"काय आणलंस?" सिम्बोकनं विचारलं.

"काही राहिलं नाही, बोक."

सिम्बोकनं सुनेकडं बराच वेळ बघितलं. मग उठून आपलं बांबूचं बाकडं तिनं स्वतःच फिरवलं आणि अंगणाकडं पाठ करून भिंतीकडं तोंड करून बसली.

सुमिलाहनं लगेच कुदळ हातात घेतली नाही. पहिले काही आठवडे ती नुसती बघत होती. सकाळचं ऊन कुठल्या भिंतीवर येतं, दुपारी कुठं तापतं, नळाचं सांडपाणी कुठल्या बाजूला वाहतं, शेजारपाजारचे लोक जवळची वाट म्हणून कुठून पाय टाकतात. मग तिनं बांबूच्या खुंट्या तासल्या आणि ठोकायला सुरुवात केली. इथं केळी, कारण सांडपाणी इथं येतं. इथं स्वयंपाकघराच्या दाराशी हळद, आलं, कुलंजन, गवती चहा, म्हणजे कढई चुलीवर ठेवून हात लांबवला की झालं. रस्त्याच्या बाजूला जास्वंदीचं कुंपण, त्यात मधेमधे कातूक, ज्याची कोवळी पानं भाजीला होतात. कोपऱ्यात पिवळा ठेंगणा नारळ. खुंट्यांमधून सुतळी ताणली. दुसऱ्या दिवशी सोडली, पुन्हा दुसरीकडं ताणली.

"यू सुम," थोरल्या बहिणीला म्हणतात तसं 'यू' म्हणत जुमियाती पलीकडून ओरडली, "भुताखेतांना जमीन वाटून देतेस काय?"

"तुला हवी का? एक वाटा ठेवते."

तुकिरान रोज कामावरून येताना सुतळीला अडखळायचा. बायकोला तो मुलीची आई म्हणून बू म्हणायचा. "बू, हे काय लावलंयस? माणसानं आपल्याच घरात उड्या मारत जायचं?"

"पाय उचलून चाला की. इतकी वर्षं डोंगर चढलात, सुतळी चढवत नाही?"

चार-पाच दिवसांनी सुमिलाहच्या लक्षात आलं की नारळाची खुंटी जागेवर नाही. ती होती तिथून हातभर सरकून बाकड्याच्या दिशेला आली होती. तिनं उपटून परत कोपऱ्यात ठोकली. दुसऱ्या सकाळी खुंटी पुन्हा सरकलेली. सिम्बोक भिंतीकडं तोंड करून पान चघळत होती, आणि तिच्या पायांना करडी माती लागलेली होती.

जुनी सुमिलाह असती तर तिनं मान खाली घातली असती. या सुमिलाहनं खुंटी पुन्हा जागेवर नेली. असं आठवडाभर चाललं. मग एका संध्याकाळी ती सासूच्या बाकड्यावर टेकली. मावळतीचं ऊन थेट डोळ्यात शिरत होतं. नारळ सिम्बोकच्या जागी लावला तर दोनेक वर्षांत या बाकड्यावर सावली येईल, कोपऱ्यात लावला तर कधीच येणार नाही. सुमिलाह उठली, खुंटी बाकड्याकडं नेली आणि दगडानं अशी ठोकली की कुणाला हलवता येऊ नये.

"बोक, इथं राहू दे," ती म्हणाली. "पण केळीच्या खुंट्यांना हात लावायचा नाही."

"मी कशाला हात लावू?" सिम्बोक भिंतीकडं बघतच म्हणाली. "तुझ्या केळी तुला लखलाभ."

आखणी झाली, पण जमीन ऐकेना. यंत्रानं वरची सगळी चांगली माती खरवडून नेली होती. पपईची रोपं पिवळी पडून मेली. हळदीला कोंब आला आणि तिथंच थांबला. जास्वंदीच्या फांद्या काड्यांसारख्या उभ्या राहिल्या. सुमिलाहनं पहार घेऊन खड्डे खणले, प्रत्येक झाडाला एक, कमरेइतका. त्यात घरातला ओला कचरा, राख, वाळलेला पाला. आणि वसाहतीच्या सामाईक गोठ्यातून शेण. पाठीवर टोपली, ती अंगावरच्या पट्ट्यात बांधलेली, आणि भल्या सकाळी ती चार रांगा ओलांडून यायची. लोक नाकाला पदर लावायचे. पोरं मागून "शेणवाली बू" म्हणून ओरडायची. पहिल्यांदा तिचे कान तापले. नंतर तीच वळून म्हणायची, "काय रे, तुझ्या आईला हवंय का? पोचवते घरी."

वर्ष गेलं. खड्ड्यांतली माती काळी पडायला लागली. खणल्यावर गांडूळ दिसलं तेव्हा सुमिलाहनं तुकिरानला हाक मारून बाहेर बोलावलं आणि तळहातावर ते वळवळतं गांडूळ दाखवलं.

"काय सोनं सापडलं?"

"बघा की!"

त्यानं बघितलं. गाई गेल्यापासून तो फारसा हसला नव्हता. तो उकिडवा बसला, बोटानं माती चिवडली, नाकाजवळ नेली. "गोठ्याचा वास येतोय," तो म्हणाला. दुसऱ्या दिवसापासून शेणाची टोपली त्यानं आपल्या पाठीवर घेतली.

त्याच सुमारास वस्तीप्रमुख पाक दुकुह सगळ्यांना बोलावून म्हणाले, "आनंदाची बातमी. आपल्या वसाहतीसाठी सिमेंटचे ठोकळे फुकट मिळतायत. प्रत्येक घरापुढची जागा फरसबंद होईल. पावसात चिखल नाही, धूळ नाही, सगळ्या रांगा एकसारख्या, स्वच्छ. फोटोत कशी शोभून दिसेल वसाहत!"

लोकांनी माना डोलावल्या, हात वर केले. तुकिराननंही हात वर केला, कारण फुकट मिळत होतं आणि सगळ्यांनी केला होता. सुमिलाह बायकांच्या ओळीतून उठली. अशा सभेत ती आजवर कधी बोलली नव्हती.

"आमच्या घराला नको, पाक."

"का बरं?"

"मला मातीचं अंगण हवंय."

"अहो बू, माती मागं ठेवा की. पुढं फरशी करा."

"पुढंच हवंय. माणसं पुढून येतात."

लोक हसले. पाक दुकुहही हसले, पण त्यांनी जोर केला नाही. घरी येताना तुकिरान धुमसत होता. "लोक म्हणतील, तुकिरानच्या घरात बायकोचं राज्य आहे."

"मग खोटं काय म्हणतील?"

त्यालाच हसू फुटलं. "आईचं होतं, आता तुझं आहे. माझा नंबर कधी लागायचा कुणास ठाऊक."

ठोकळे आले. ज्याच्या त्याच्या दारात राखाडी फरशी झाली. जुमियातीनं तिच्या वाटचे ठोकळे पुढं लावले नाहीत. दोन घरांमधल्या हद्दीवर रचून ठेवले. तिथं ती भिंत घालणार होती. कारण होतं सुमिलाहच्या कोंबड्या. जुमियातीनं कष्टानं लावलेला पालक त्यांनी दोनदा साफ केला होता.

"यू सुम, तुझ्या कोंबड्यांना सांग हद्द कुठं आहे ते."

"सांगितलं. ऐकत नाहीत. तुझ्यावर गेल्यात."

जुमियातीनं सिमेंटचं पोतं आणून टाकलं तेव्हा सुमिलाहला कळलं की आता थट्टेचे दिवस संपले. रात्रभर तिच्या मनात एकच चित्र घोळत होतं. सकाळी ती पलीकडं गेली, जुमियातीचा दंड धरला आणि तिला तिच्याच घराच्या भिंतीला पाठ लावून उभी केली. स्वतः जाऊन आपल्या भिंतीला पाठ लावली. मधे दोन्ही पट्ट्या आणि ठोकळ्यांची रास.

"काय खेळ लावलायस?" जुमियाती म्हणाली.

"बघ समोर. मधे भिंत घातलीस तर एक बोळ तुझी आणि एक बोळ माझी. बोळीत काय करणार आपण? कपडे वाळत घालणार आणि उंदरांना वाट देणार."

"आणि नाही घातली तर?"

"तर अंगण."

जुमियाती भिंतीपासून एक पाऊल पुढं आली. तिचीही नजर त्या जागेवरून फिरत होती, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. वरच्या गावात तिचंही अंगण होतं.

"तांदळाचे पापड वाळत घालता येतील," सुमिलाह म्हणाली. "संध्याकाळी बसता येईल. तुझा माणूस आला की चार लोक बोलावून जेवू घालता येतील. घरात मावतात का चार लोक?"

"आणि कोंबड्या?"

"मागं कोंडीन."

"तू? तू त्यांना नवऱ्यापेक्षा जपतेस."

"नवरा अंडी देत नाही. तरी कोंडीन."

जुमियातीला हसू आवरेना, पण तिनं होकार द्यायला आणखी दोन दिवस घेतले; तिचा स्वभावच तसा. मग स्वतःच ठोकळे उचलून नेले आणि त्यांचा गोठ्याकडं जाणारा पायरस्ता केला. तुकिराननं परसात बांबूचं खुराडं बांधलं. दोघींनी मिळून मधली जागा चोपून चोपून सपाट केली. रस्त्याच्या कडेला एकच लांब कुंपण आणि त्यात एकच प्रवेश. जुमियातीनं आपलं स्वयंपाकघराचं दार मागून बुजवून अंगणाकडं काढलं. सुमिलाहनं आपल्या केळीची पिलं तिच्याही परसात लावून दिली. आणि पायरीशेजारी सुमिलाहनं मोगरा लावला. या खेपेला तो जागचा हलला नाही. सिम्बोक चहा पिऊन झाल्यावर कपातला गाळ त्याच्या बुंध्याशी ओतायची. अर्थात बाकड्यावरून हात मागं करून, न बघता.

अशी वर्षं गेली. नारळाला पिवळीधमक फळं धरली. कुंपण छातीइतकं झालं. दुपारी चारही रांगांत फरशा तापून निघायच्या तेव्हा पोरंटोरं, म्हातारे सगळे या अंगणात येऊन बसायचे. कधीतरी, कुणाच्या लक्षात येण्याआधीच, सिम्बोकनं बाकडं फिरवलेलं होतं.

सुमिलाहची मुलगी विनार्सिह शहरातल्या एका छापखान्यात नोकरीला लागली होती. तिथल्याच एका मुलाशी तिचं जमलं. मुलाची आई बू एस्ती बोलणी करायला आली ती बाहेरच्या रस्त्यावरच्या एका हॉटेलात भेटली. बाई गोड होती, पण कीव तिच्या बोलण्यातून गळत होती. "तुमच्यावर केवढा प्रसंग आला. वसाहतीत घरं लहानच असणार. आपण शहरात हॉल घेऊ या. सगळं आम्ही बघतो, तुम्हाला काहीच करावं लागणार नाही."

तुकिरान मान हलवणार एवढ्यात सुमिलाह म्हणाली, "लग्न आमच्या अंगणात होईल."

"अहो, पण माणसं मावतील का?"

"मावतील."

बाहेर आल्यावर तुकिराननं विचारलं, "मावतील ना खरंच?"

"तुमची जास्त खाणारी माणसं जुमच्या बाजूला बसवू."

लग्नाच्या आदल्या दिवशी मांडव घालायला कारियो आजोबा, म्हणजे सगळ्यांचे सिम्बाह कारियो, आले. पंचक्रोशीतल्या सगळ्या लग्नांचे मांडव त्यांच्याच हातचे. मांडवाच्या दारात दोन्ही बाजूंना पिकल्या घडासकट केळीचे खांब, ऊस, पिवळ्या शहाळ्यांचे घोस, भाताच्या लोंब्या आणि तऱ्हतऱ्हेची पानं बांधायची रीत. नव्या वसाहतीत आल्यापासून लोक हे सगळं बाजारातून आणायचे.

"सामान कुठं ठेवलंय?" म्हाताऱ्यानं विचारलं.

सुमिलाहनं कोयता उचलला. "चला, दाखवते."

ती पुढं आणि सिम्बाह कारियो काठी टेकत मागं. तिनं एक एक तोडून द्यायला सुरुवात केली. नारळाचे दोन घोस. कुंपणाच्या टोकाशी लावलेला काळा ऊस. कातूकच्या डहाळ्या, पेरूच्या, फणसाच्या. भाताच्या लोंब्या तेवढ्या तिच्या अंगणात नव्हत्या. त्या जुमियातीच्या भावानं शेतातून आणून दिल्या. मग ती परसात राजा केळीच्या बेटापाशी गेली आणि तिचे हात थांबले. दोन खांब लागायचे, दोन्ही घड पिकलेले. एक घड सोन्यासारखा पिवळा झाला होता. दुसरा अजून हिरवागार. गेल्या आठवड्यात ढग होते, त्यानं घोटाळा केला होता. रोज येऊन बघत होती ती, आणि रोज उद्या पिकेल असं स्वतःला सांगत होती.

"एक बाजारातून मागवू," सिम्बाह कारियो म्हणाले. "त्यात काय एवढं?"

सुमिलाहच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढंसं होतं, पण आलं. तिनं मान फिरवली. तेवढ्यात पलीकडून जुमियातीचा आवाज आला, "यू सुम! डोळे पुस आणि इकडं ये. कोयता घेऊन ये."

जुमियातीच्या परसात, सुमिलाहनंच दिलेल्या पिलाला, तसाच पिवळा घड लोंबत होता. खालच्या दोन फण्या तर फुटायला आल्या होत्या.

"हा तू विकायला ठेवला होतास ना?" सुमिलाह म्हणाली.

"होता. आता बोलत बसलीस तर विकीन."

दोघींनी मिळून बुंध्यावर घाव घातले. एक खांब या घरचा आणि एक त्या घरचा, असे ते मांडवाच्या दारात दोन बाजूंना उभे राहिले. सिम्बाह कारियोंनी मागं सरकून डोळे बारीक करून बघितलं. "पुष्कळ दिवसांनी," ते म्हणाले, "झाडावर पिकलेल्या केळ्यांचा मांडव बांधतोय. बाजारातली औषध मारून पिकवलेली असतात. पाहुणे गेले की काळी पडतात."

लग्नाच्या दिवशी अंगण ओल्या मातीच्या वासानं भरलं होतं. सकाळीच पाणी शिंपडून खराट्याच्या रेघा काढलेल्या होत्या. दोन्ही स्वयंपाकघरांतून बायकांची ये-जा, मोठमोठ्या पातेल्यांतून नारळाच्या दुधाची वाफ, परातींत चिकट भाताच्या वड्या. वऱ्हाड दोन बसमधून आलं. बू एस्ती खाली उतरली, राखाडी फरशांच्या रांगांतून चालत आली आणि मांडवाच्या दारात थबकली. तिनं केळीच्या घडाला हात लावून बघितला. मग आत आली, नारळाखाली उभी राहून वर बघितलं आणि कुंपणावरून नजर फिरवली. माणसं आली तेवढी मावली. उरलेली कुंपणाशी उभी राहून खुशाल गप्पा मारत होती. कुणालाही घाई नव्हती.

नवऱ्यामुलाची एक म्हातारी मावशी सिम्बोकच्या बाकड्यावर येऊन टेकली. सुमिलाह चहाचा ट्रे घेऊन जवळच उभी होती.

"किती छान अंगण," मावशी म्हणाली. "तुमचंच का हे?"

सिम्बोकनं चहाचा कप घेतला आणि फुंकर मारली. "माझं वरच्या गावात होतं. ते याहून मोठं होतं, बरं का. फणसच एवढा होता." तिनं हातानं आकार दाखवला. "हे हिचं. माझ्या सुनेचं." एक घोट घेतला. "नीट लावलंय तिनं."

एवढ्या वर्षांत त्या तोंडून सुमिलाहनं असं काही ऐकलं नव्हतं. तिनं सासूकडं बघितलं, पण सिम्बोक तोवर मावशीला फणसाची गोष्ट सांगण्यात रंगली होती. सुमिलाह तशीच पुढच्या रांगेकडं वळली. मान ताठ, पाठ ताठ. जुमियातीनं लांबूनच विचारलं, "काय झालं? राणीसारखी कशी चालायला लागलीस?"

"ट्रे जड आहे," सुमिलाह म्हणाली.

पाक दुकुह निघताना हात जोडून म्हणाले, "बू सुमिलाह, पुढच्या महिन्यात माझ्या मुलाची सुंता आहे. हे अंगण मिळेल का?"

"जुमला विचारा. अर्धं तिचं आहे."

नंतरच्या वर्षी खालच्या रांगेतल्या दोन घरांनी ठोकळे उपटून मधली जागा एक केली. मग वरच्या रांगेतल्यांनी. लोक सुमिलाहला बोलवायचे. ती जायची, आधी खूप वेळ नुसती बसायची आणि मग विचारायची, "संध्याकाळी तुम्ही बसता कुठं?" बाकीचं सगळं त्यानंतर.

विनार्सिहनं शहराच्या टोकाला छोटी जागा घेऊन घर बांधलं तेव्हा तिनं आईला फोन केला. "आई, ये की. कुठं काय लावायचं ते सांग."

"मी सांगायला येणार नाही," सुमिलाह म्हणाली. "जेवायला येईन. अंगण तुझं, तू लाव."

तिनं तुकिरानच्या मोटरसायकलवर गोणपाटात फांद्या, कंद आणि केळीची पिलं बांधून पाठवली. पावसाळा संपल्यावर दोघं लेकीकडं गेली. विनार्सिह उत्साहानं दार उघडून उभी होती. "बघ आई, सगळं लागलं!"

सगळं लागलं होतं खरं. केळीही लागल्या होत्या, पण थेट घराच्या दारासमोर, जिथं त्यांच्याकडं कुणी म्हणजे कुणी केळ लावत नाही. आत येणाऱ्या माणसाला पानं दोन्ही हातांनी बाजूला सारावी लागत होती. सुमिलाहचे हात शिवशिवले. तिनं ते मांडीखाली घेतले, गोड चहापुरते बाहेर काढले आणि म्हणाली, "छान जोमानं वाढल्यात."

परतीच्या वाटेवर गावाबाहेर पडल्यावर ती मागच्या सीटवर एकदम हसायला लागली, इतकी की मोटरसायकल डगमगली.

"अगं पडू आपण! काय झालं?"

"दारासमोर केळी लावल्यात तिनं!"

"मलाही दिसल्या. मग बोलली का नाहीस?"

"मी कशाला बोलू? तिचं अंगण आहे."

तुकिराननं आरशातून मागं बघितलं. बायको डोळे पुसत होती आणि हसतच होती.